आत्याचा मोराचा अडकित्ता

स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस पाहिलाय का कधी? नसेल, तर चहा संपेपर्यंत माझ्याकडे नीट बघून घ्या.

मला जुने अडकित्ते जमवायचा नाद. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या भंगारवाल्याकडे ते किलोच्या भावाने मिळायचे, म्हणून घरातही कुणी कुरकुर करत नव्हतं. पण माझा जीव अडकला होता रामटेकच्या आत्याच्या पितळी, मोराच्या अडकित्त्यात. आत्या म्हणायची, "माह्या मागं तुलेच हाय तो."

अशात प्रताप नगरच्या वाचनालयात अडकित्त्यांवर माझं भाषण ठेवलं. टाळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी ठोकून दिलं, "पितळी मोराच्या अडकित्त्याला आज पन्नास हजार कुठे गेले नाहीत!" हा आकडा मला कुणी सांगितला होता? कुणीच नाही. पुतणीने भाषणाचा व्हिडिओ टाकला आणि तो अख्ख्या नागपूरने पाहिला.

पुढच्या रविवारी वाडीला गेलो, तर भंगारवाल्याने अडकित्ते काचेच्या कपाटात मांडलेले. साध्या लोखंडी अडकित्त्याचे म्हणे तीन हजार.

"काहून गा, वेडा झाला का?"

"मी नाही सांगून राहिलो साहेब, मोठे जाणकार सांगून राहिले." त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर मी.

"अरे, हा मीच आहे!"

त्याने एकदा मोबाइलकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मंग तं तुमाले भाव माहीतच हाय."

तीन हजार मोजून एक घेतला, पिशवीत टाकला आणि तसाच रामटेकला निघालो. म्हटलं, आत्याचा मोर आधी ताब्यात घेऊ.

आत्या ओसरीवर बसली होती. गालात सुपारी नाही, अशी आत्या मी जन्मात पाहिली नव्हती.

"आज सुपारी नाही का?"

"कशानं कातरू बापा? पोरानं तुहा व्हिडिओ पाह्यला. मोर बँकेच्या लॉकरात गेला. नातीच्या लग्नात कामी येईन म्हणते."

तो आकडा मी नुसता टाळ्यांसाठी फेकला होता. म्हातारीची सुपारी मी बंद पाडली होती, वर तिचा अडकित्ता लाटायला आलो होतो. पिशवीतला अडकित्ता काढून तिच्या हातात ठेवला.

तिने लगेच एक सुपारी कातरून पाहिली. "साजरा हाय. किती पडले?"

"किलोच्या भावात मिळाला," मी पुटपुटलो.

सुपारी गालात सरकवत आत्या म्हणाली, "मंग याचा भाव कोणाले सांगू नको बापा. मले रोज खा लागते."