हळू गाणारे इस्माईलभाई

एसी बंद केल्याशिवाय इस्माईलभाई गात नसत. सौदीतल्या रास अल खैरचा आमचा कामगारांचा कॅम्प म्हणजे बाहेर भट्टी. तरी शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली की ते उठून बटण दाबत, कारण त्या घरघरीत त्यांचा हळू आवाज बुडायचा.

"भाई, गाणं संपेपर्यंत आम्ही शिजू!"

"शिजा. कच्च्या माणसाला गाणं कळत नाय."

भाई रत्नागिरीकडचे, साठीला टेकलेले. कामावर क्रेनवाल्याला हातानं इशारे द्यायचे, दिवसभर तोंडातून शब्द नाही. त्यांची गाणी मात्र अमेरिकेतली, रॉकच्या आधीची. सूट घालून, व्हायोलिनच्या ताफ्यापुढे उभं राहून गायलेली. तरुणपणी जहाजावर असताना ती त्यांच्या कानात बसली होती. मी रॉकवाला. म्हणायचो, "हे म्हातारे नुसते रडतात."

"अरे दिलीप, तुझ्या गिटारवाल्यांचे बाप हायत हे. माईक तोंडाशी धरून मनातलं बोलायला हे शिकले. मग एकजण भर स्टेजवर रडला, गुडघ्यांवर बसला, पोरी किंचाळल्या. तिथं लाज मेली, म्हणून तुझी ही गिटारवाली पोरं ओरडू शकली. लांबून ओरडलं की काय पण खपतं. जवळून खोटं लगेच ऐकू येतं."

मी माझं सहसा कुणाला सांगत नाही. आज सांगतो. वडील वारले तेव्हा मी घरी गेलो नाही. नंतर त्या घरात पाऊल टाकायचीच धास्ती बसली. सुट्टी मिळत असूनही बायकोला सांगत राहिलो, कंपनी सोडत नाही.

असाच निरोप एकदा फोनवर रेकॉर्ड करत होतो, नेहमीसारखा मोठ्यानं. भाई शेजारच्या खाटेवर नखं कापत होते.

"बेसूर," ते म्हणाले.

"काय?"

"कंपनी म्हणताना आवाज चढला तुझा. फोन ओठाशी धर, हळू बोल. बघू जमतं काय."

जमलं नाही. निघालं ते भलतंच. "सुनंदा, सुट्टी मिळते गं. मीच येत नाही. बाबांची रिकामी खाट बघायची हिंमत नाही." आणि सगळ्यांदेखत मला रडू फुटलं.

"पाठव," भाई म्हणाले. "पुसू नको."

संध्याकाळी तिचा आवाज आला. "खाट आहे तिथंच आहे. आई कुणाला बसू देत नाहीत तिच्यावर. तुम्ही या आणि बसा."

पुढे भाई नोकरी संपवून कायमचे गावी निघाले. मी त्याच विमानाचं तिकीट काढलं. मुंबईला उतरल्यावर माझी बॅग त्यांनीच पट्ट्यावरून ओढून माझ्या हातात दिली.

"वाटेत थांबू नको," म्हणाले. "चहालासुद्धा."