जीपच्या पुढच्या सीटवरची पालकसभा

भोयेबाईंची पालकसभा शाळेत भरत नसे. ती भरे आमच्या सुरगाण्याकडच्या गावातल्या जीपथांब्यावर. दिवाळी सरली, भात घरात आलं, की माणसं द्राक्षाच्या कामाला नाशिककडे निघत आणि पोरंही बरोबर नेत. बाई पहिल्या जीपच्या आधी हजर. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन ठाण मांडत आणि विचारत, "बोला, कोन कोन चाललं?" बाई उतरेपर्यंत जीप हलत नसे. ड्रायव्हर कुरकुरे, पण त्यालाही बाराखडी बाईंनीच शिकवलेली.

मी सातवीत असताना त्या जीपमध्ये मीही बसले होते, मांडीवर अडीच वर्षांचा भाऊ घेऊन. आईबाप बागेत राबणार आणि मी त्याला सांभाळणार, असं ठरलं होतं. गावात आजी होती, पण तिला दिसत नव्हतं. भावाला वर्गात बसवून घेऊ, असं बाईंनी आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सुचवून पाहिलं. "बाई, ही शाळा आहे, पाळणाघर नव्हे," ते कडाडले. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते. बाई अजिबात भांडल्या नाहीत.

"बरं गुरुजी. मंग उद्या तुमीच या आन तिच्या बापाला सांगा."

गुरुजी आले. बाईंनी त्यांना पुढच्या सीटवर आपल्याशेजारी दाटीवाटीने बसवलं. माझ्या बापाने हात जोडले. "गुरुजी, पोरगी हुशार हाय, मला ठाव हाय. पन बारक्याला कोन बघंल?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मागची पंधरा माणसं गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"आणू दे त्याला वर्गात," गुरुजी कसेबसे म्हणाले.

बाई तत्काळ उतरल्या आणि आधी माझं गाठोडं खाली घेतलं. जीप वळणाआड जाईपर्यंत आई मागे बघत होती. मला रडू आवरेना. बाई म्हणाल्या, "रड. पन हजेरीच्या आत शाळंत ये." पुढे वार्षिक परीक्षेपर्यंत भाऊ गुरुजींच्याच टेबलाखाली झोपत असे.

आता मी नाशिक रोडला शिकवते. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन बाईंकडे गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या, थकल्या होत्या. पेढा हातात धरूनच त्यांनी विचारलं, "तुझ्या वर्गात कोन येत नाय?"

"सगळे येतात, बाई."

खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं. बाईंनी पेढा खाल्ला आणि विषय बदलला.

सोमवारी हजेरीपट नीट पाहिला. पूजा तीन आठवडे आलेली नव्हती. तिची आई बाजारात फुलं विकते, आणि पूजा तिच्या मदतीला बसत होती. पालकसभेची सूचना मी ग्रुपवर टाकली होती, आणि तिच्याकडे साधा फोन होता. मग आमच्या मुख्याध्यापिकांना घेऊन बाजारात गेले, त्यांना उलट्या क्रेटवर बसवलं आणि मी झेंडूकडे बघत राहिले. बाकीचं त्याच बोलल्या. पूजा येऊ लागली.

हे बाईंना सांगायचं होतं. फोनवर नको, दिवाळीत समोर बसून सांगू, असं म्हणत राहिले. दिवाळीआधीच त्या गेल्या.

रोज हजेरी घेते. पूजा "हजर" म्हणते, तेव्हा मी क्षणभर पेन थांबवते. बाई, मी खोटं बोलले होते. पूजा येत नव्हती. आता येते.