पावसची म्हातारी

हसायचं नाही, तरच सांगते. म्हणजे हसालच, पण निदान माझा चहा संपेपर्यंत थांबा!

ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी हद्दपार करून रत्नागिरीत ठेवलं होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या राणीवर आणि राजकन्यांवर मी पुस्तक लिहीत होते. थोडा इतिहास, थोडा प्रवास, थोडं माझं स्वतःचं. राजवाडा पाहिला, कागद चाळले, पण जिथे बघावं तिथे राजाच! राजकन्येची वेणी कोण घालत होतं, हे कोण लिहून ठेवणार?

मग मीच लिहिलं. रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या एका नव्वदीच्या आजींनी मला सांगितलं म्हणे, की त्यांची आजी राजकन्येची वेणी घालायची. पावसला मी गेले होते, नाही असं नाही. पण तिथे सोलकढी प्यायले आणि परत आले. आजीबिजी कुणी भेटलीच नव्हती!

प्रकाशकबाईंना नेमकं तेच प्रकरण आवडलं. "अहो, सगळं पुस्तक या आजींवर उभं आहे," म्हणाल्या आणि आजींचा फोटो काढायला पुण्याहून माझ्यासोबत गाडीत बसल्या. आजी नाहीत म्हटलं की पुस्तक गेलंच. वाटभर मी सबबी जुळवत होते. आजी आजारी आहेत म्हणू, की मुंबईला लेकाकडे गेल्यात म्हणू?

वाटेत, रत्नागिरीच्या अलीकडे, पालीजवळ आमचं मूळ गाव. मी वाढले पुण्यात, तिथे जेमतेम दोनदा गेलेली. तरी म्हटलं, देवाला नमस्कार करू, तेवढाच वेळ जाईल. देवळात शिमग्याच्या तयारीला अख्खा गाव जमलेला. बाई बाहेर चपला काढत होत्या, तेवढ्यात मी गुरवकाकांना कोपऱ्यात गाठलं आणि हळूच सगळं सांगून टाकलं.

"घाबरू नको गो. गाऱ्हाणं घालूया," काका म्हणाले.

मला वाटलं, संकल्पासारखं काहीतरी पुटपुटतील. मला कुठे ठाऊक, की इकडे देवाला अडचण सांगायची ती खणखणीत आवाजात, आणि गावाने त्याला होकार भरायचा!

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"ही तुजी लेक पुण्यासनं आलीय. हिनं पुस्तकात एक म्हातारी लिवलीन. ती म्हातारी जल्माला आलेलीच नाय रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी काकांचा सदरा ओढला. "काका, नको ना!" मी कुजबुजले.

"आता ती नको नको म्हनते, तिला बुद्धी दे रं म्हाराजा! आनि ती पुस्तक छापनारी बाय, तिला ह्यातलं कायपन कळू नको देऊ रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी सगळ्यात मोठा आवाज माझ्या पाठीमागून आला. वळून बघते तर प्रकाशकबाई! हात जोडलेले, डोळे मिटलेले.

गाडीत बसलो. मला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी म्हटलं, "चुकलं माझं. ते प्रकरण काढून टाकते."

"काढाच," बाई म्हणाल्या. "आणि त्या जागी आजचं लिहा. जसं झालं तसं."

लिहिलं. पुस्तक आलं. पहिली प्रत देवापुढे ठेवायला मोठ्या ऐटीत गावी गेले. राणीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काकांनी मात्र देवळाच्या पायरीवरूनच हाक मारली,

"काय गो बाय, म्हातारी जल्माला आली काय?"