जत्रेच्या गाडीवरची गयाबाई

दर बाजाराच्या दिवशी गाडीचा गार्ड माझ्या दारात एक टोपली ठेवून जायचा. वांगी, मेथी, कधी नुसत्या हिरव्या मिरच्या. पाठवणारी गयाबाई. गेल्या महिन्यात गार्ड रिकाम्या हातानं आला, टोपी काढून उभा राहिला, आणि मला कळलं... तापाचं निमित्त झालं, एवढंच तो सांगू शकला.

माझे यजमान कारंज्याजवळच्या एका लहान स्टेशनावर मास्तर होते, तेव्हापासूनची आमची ओळख. क्वार्टरच्या मागे नाल्याकाठी तिचा भाजीचा मळा. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही; एकटीच राबायची. पाणी देऊन झालं की माझ्या ओट्यावर येऊन टेकायची. मी पुण्याकडची. तिची बोली आधी मला कळायची नाही, आणि पुढं तीच कानांना हवीशी झाली.

चैत्रात पोहरादेवीच्या जत्रेची माणसं आमच्या स्टेशनावर उतरून बैलगाड्यांनी पुढं जात. एका वर्षी त्या गर्दीत कुणीतरी एका बाईच्या गळ्यातली पोत हिसकावली. ती पडली, तिचा हात मोडला. स्टेशनच्या पोलीस चौकीचे रशीद जमादार तिला विचारत होते, चोर कसा होता, कुठं पळाला. ती तोंडावर पदर ओढून गप्प. जमादारांचा आवाज चढत गेला, तशी गयाबाई भाजीची पाटी खाली ठेवून मधे गेली. "साहेब, तुमी खाकी घालून वरडून राह्यले. थे कशी बोलन?"

जमादार भडकतील असं मला वाटलं. पण ते बाजूला झाले, आणि त्या बाईनं गयाबाईला सगळं सांगितलं. चोर सापडला नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी जमादार मळ्यात गेले आणि जत्रा संपेस्तोवर स्टेशनावर उभी राहशील का, असं तिला विचारून आले. तिनं गावातल्या आणखी काही बायका जमवल्या. बायकांच्या डब्यापाशी त्या, फाटकापाशी शिपाई. मग दर जत्रेला हे ठरूनच गेलं.

जत्रा नसतानाही तिचं लक्ष असे. एका दुपारी फलाटाच्या टोकाला एक नवी नवरी बसली होती; गाड्या येऊन गेल्या तरी उठेना. कोट घातलेला एक माणूस तिच्याशी गोड बोलत होता, नागपूरला काम देतो म्हणत होता. गयाबाई जाऊन दोघांच्या मधे बसली आणि तिनं जमादारांना हाक मारली. तो माणूस चौकीत गेला. पोरीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. सासर सोडून आलेली. जमादार म्हणाले, नवऱ्याला कळवणं भाग आहे. गयाबाईनं पोरीची बाही वर सारली. चटक्यांचे डाग होते.

"हे पाहा, साहेब. मंग सांगा, हिले कुठी धाडाचं."

 जमादारांनी शिपाई पाठवला तो इंझोरीला, तिच्या बापाकडे. दिवस कलताना बाप आला. लेकीकडे बघेना. शेवटी त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि दोघं चालायला लागली. गयाबाई रूळ ओलांडेपर्यंत त्यांच्याबरोबर गेली.

आठवड्यानं पोरीच्या सासरच्या लोकांनी गयाबाईचा मळा उपटून टाकला. गावातही तिला सुना पळवणारी म्हणू लागले. ती बांधावर नुसती बसून होती.  जमादारांनी गुन्हा नोंदवला, आणि सुट्टीच्या दिवशी ते दोन शिपाई घेऊन, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, वांग्याची रोपं लावायला आले. त्या दिवशी गयाबाई पहिल्यांदा हसली. "जमादार, रोप हाय थे, चोर नाही. मान सोडा त्याची."

पुढल्या चैत्रात ती पुन्हा डब्यापाशी उभी होती. नंतर आमची बदली झाली, याच मार्गावरच्या दुसऱ्या स्टेशनावर; तेव्हापासून गार्डाच्या हाती तिची टोपली येऊ लागली...

तेरवीला मी गेले. आमच्या त्या गाडीचा डबा उंच, फलाट खाली. उतरणाऱ्या बाईचा हात गयाबाई कधी ओढत नसे, कोपराखाली तळहात धरायची आणि म्हणायची, "टेक माय, मी हावो." गाडी थांबली. दूर फाटकापाशी जमादार उभे होते, आता केस पुष्कळ पिकलेले. मी दारात आले, एक पाय खाली सोडला, कोपर पुढं केलं आणि तशीच थांबले.

मागची बाई हळूच म्हणाली, "उतरा ना, बाई."