टोल कटला की सांगा

टोल कटल्याचा मेसेज आला की सोलापुरातला माणूस आधी तोंड वाकडं करतो, मग सरकारचा उद्धार करतो आणि मग फोन खिशात टाकतो. बाळीवेशीतल्या गुरुसिद्धप्पाचं मात्र त्या दिवशी उलटं झालं होतं. पैसे कटले की त्याच्या जिवात जीव येणार होता. तो सकाळपासून पैसे कधी कटतात याचीच वाट बघत ओट्यावर बसला होता. बसला होता म्हणायचं एवढंच, खरं तर नुसती ऊठबस चालली होती.

उभा जन्म त्याने भाड्याची गाडी चालवली. लग्नाची वऱ्हाडं नेली, बाळंतिणी आणल्या, एकदा तर रुसून निघालेला नवरदेव अर्ध्या वाटेतून समजूत घालून परत मांडवात नेऊन सोडला. गाडीला कधी ओरखडा नाही, हा त्याचा अभिमान. पण साखरेने डोळे धरले आणि डॉक्टरांनी स्टेअरिंग बंद केलं. गाडी दारात धूळ खात उभी राहिली. ओळखीतल्या सिद्रामप्पाने ती मागितली आणि गुरुसिद्धप्पाने जवळजवळ होकार दिला.

तेव्हा त्याची मुलगी दानेश्वरी पुढे झाली. "इकू नका अप्पा. मी चालवते की."

लायसन्स तिने कधीच काढलं होतं, होटगी रस्त्याच्या मोकळ्या माळावर बापानेच शिकवलं होतं. पण घरच्या गाडीत बसून बाजारात जाणं वेगळं आणि भाडं घेऊन पुण्याला जाणं वेगळं. गुरुसिद्धप्पा खूप कुरकुरला. शेवटी गल्लीतल्या अक्कम्माच्या नातीचं बारसं पुण्यात निघालं आणि अक्कम्माने ठणकावून सांगितलं, की बायकाबायकाच जाणार आहोत, गाडी दानेश्वरीच चालवणार. मग त्याचा नाइलाज झाला.

"ही एक ट्रिप नीट करून दाखव," तो लेकीला म्हणाला. "मनाला पटलं तर सिद्रामप्पाला न्हाई म्हनतो. न्हाई पटलं तर गाडी गेली म्हनून समज. मग मागनं रडायचं न्हाई."

निघताना त्याने स्वतःच्या हाताने गाडी पुसली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि देवळातून आणलेली सिद्धरामेश्वराची चकचकीत चांदीच्या पत्र्याची तसबीर काचेवर आतून, आरशामागे, चांगली दाबून चिकटवली. "देवाला म्होरला रस्ता दिसाया पायजे," असं म्हणत. आणि शेवटी आपला जुना नियम लेकीला पुन्हा ऐकवला, "स्टेअरिंगवर हात असताना फोन घ्यायचा न्हाई. मग तो साक्षात बापाचा का असंना."

आता हाच नियम त्याच्या गळ्यात आला होता. लेक फोन घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण शिकवण त्याचीच. राहता राहिला टोल. फास्टॅग त्याच्या नावावर, मेसेज त्याच्या फोनवर. नाका ओलांडला की फोन वाजणार, म्हणजे पोर तिथवर सुखरूप पोचली. कोणत्या नाक्याला किती वेळात पोचायचं हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

मोहोळच्या अलीकडचा नाका कटला. जरा उशिरा कटला, पण कटला. गुरुसिद्धप्पा आत जाऊन चहा पिऊन आला.

मोडनिंबजवळचा मात्र कटेना.

तो ओट्यावरून उठून रस्त्यापर्यंत गेला आणि परत आला. फोन बंद करून चालू केला. शेजारच्या दुकानदाराला आपल्या नंबरावर फोन करायला लावला, फोन चांगला खणखणला. लेकीला लावला, नुसती रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मग त्याच्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. उसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली, आडवा झालेला कंटेनर. आयुष्यभर हायवेवर जे बघितलं होतं ते सगळं आता त्याच्या लेकीच्या गाडीपुढे येऊन उभं राहिलं. त्याला फार भीती वाटली, आणि भीती वाटली की या माणसाला राग यायचा.

"तुज्यामुळं झालं हे!" तो बायकोवर ओरडला. "तूच म्हनलीस, जाऊ द्या, जाऊ द्या!"

ईरम्मा भाकरी थापत होती. ती चिडली की कानडीत शिरायची. "सुम्न कूड्री!" ती म्हणाली. गप बसा. "अवं, थांबली आसंल कुटं तरी च्याला."

"नाक्याच्या आदी थांबायचं न्हाई, नाका वलांडून थांबायचं, हे म्या शिकवलंय तिला!"

संध्याकाळी गाडीचं विचारायला येणार असलेल्या सिद्रामप्पाला त्याने तिथल्या तिथे फोन लावला. "सांजच्याला कशाला, दुपारीच या. इसार घेऊनच या. मला न्हाई ठेवायची ती गाडी घरात." आणि चपला घालून, ताटातली भाकरी तशीच ठेवून, तो रिक्षाने स्टँडवर गेला आणि समोर लागलेल्या, मोडनिंबवरून जाणाऱ्या इंदापूरच्या एस्टीत चढून बसला. तिथे जाऊन काय करणार होता, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. नुसतं बसवत नव्हतं, एवढंच.

एस्टी शहर सोडून बाळ्याच्या पुढे निघाली आणि फोन वाजला. मेसेज. त्याने फोन डोळ्यांना अगदी लावून धरला. मोडनिंबजवळचा नाका. कटला! शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं ओ काका?" तेव्हा त्याला कळलं, की आपण रडतोय.

थोड्या वेळाने दानेश्वरीचाच फोन आला.

"अप्पा, मेसेज आला न्हवं? नाका वलांडून ढाब्यावर थांबलेय."

"एवढा येळ कशानं गं?" तो गुरगुरला.

"तुमचा देव टॅगावर बसला हुता की! सगळा पत्रा टॅगावर. मशीनला टॅग दिसंना. पैल्या नाक्यावर हातातल्या मशीननं जवळनं घेतलं, म्हनून कटलं. हितं ते बी घेईना. मागं ही रांग, सगळे हार्न वाजवायलेत. त्यो मानूस म्हनला, ताई, मोबाइलवरनं भरा, थोडं जास्त जाईल, पर लगेच सोडतो."

"मग भरायचं की!"

"भरनारच हुते," ती म्हणाली. "मग म्हनलं, मोबाइलवरनं भरलं तर मेसेज मला येनार. अप्पाला न्हाई येनार. म्हनून गाडी कडंला घेतली, नखानं हळूहळू तसबीर काढली आन पुन्ना रांगेत लागून टॅगनंच भरलं. देव आता अक्कम्माच्या मांडीवर हायत. त्यास्नी बी म्होरचा रस्ता दिसायलाय."

गुरुसिद्धप्पाने बाहीने डोळे पुसले.

"अप्पा? कुटं हाय तुमी?"

"घरीच हाय की. ओट्यावर."

"मोडनिंबवाले काका!" कंडक्टर मागून ओरडला. "सुटे द्या, सुटे!"

मग दानेश्वरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मोहोळला उतरा अप्पा. आन घरी जाऊन जेवा. पुडचा नाका कटला की कळंल."

तो मोहोळला उतरला. रस्ता ओलांडून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभा राहिला, तोच सिद्रामप्पाचा फोन आला. इसाराचे पैसे घेऊन तो निघाला होता.

"नका येऊ," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "गाडी मोकळी न्हाई. भाड्यावर गेलीय."

"मग उद्या येतो की."

"उद्याचं मला म्हाईत न्हाई."

"अहो, मग मोकळी कवा हाय?"

गुरुसिद्धप्पाने पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांना आता तो फारसा दिसत नव्हता.

"ते आता मला नका इचारू," तो म्हणाला. "दानेश्वरीला इचारा. पर आत्ता फोन लावू नका, ती गाडी चालवतीया."