उजवा कोपरा

रामभाऊ शिर्के स्वस्थ बसलेले कुवेतमध्ये कोणी पाहिले असतील तर त्याने पुढे यावं आणि शपथेवर सांगावं. खुर्चीत टेकले की त्यांचा उजवा पाय हलायला लागे, पाय हलला की खुर्ची हले, आणि खुर्ची हलली की बायको, तारा, स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, त्या पायाला मोटर बसवलीय का? बंद करा की जरा!" तारा सरकारी इस्पितळात नर्स. चौऱ्याहत्तर साली नोकरी तिला लागली आणि रामभाऊ मागून आले. दोस्त चिडवायचे, "बायकोच्या व्हिसावर आलेला गडी!" रामभाऊ हसायचे, पण हसतानाही पाय चालूच.

सवय जुनी होती. चिपळूणकडच्या या माणसाला मुंबईच्या एका गिरणीने नोकरी दिली ती कबड्डीसाठी. कागदावर फिटर, खरा हुद्दा उजवा कोपरा. ज्यांना कबड्डी फक्त शाळेपुरती आठवते त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा चढाईवाला दम धरून आत येतो, कोणाला तरी हात नाहीतर पाय लावून परत मध्यरेषा गाठायला बघतो. ज्याला लागलं तो बाद, त्याने बाहेर जाऊन बसायचं. कोपऱ्यावरच्याने वाट बघायची, आणि चढाईवाल्याचा पाय जरा मागे रेंगाळला की घोट्याला अशी मिठी मारायची की त्याला आई आठवली पाहिजे. अकरा वर्षं रामभाऊंनी गिरणीसाठी घोटे धरले. तेवढ्यात दोन बोटं वाकडी झाली, एक खांदा उतरला आणि उजव्या गुडघ्यात पाणी भरायला लागलं.

कुवेतला ते राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजात अवजड गाड्यांचे मेकॅनिक झाले. पण शुक्रवार उजाडला की घरात पाय ठरत नसे. सुलैबियाच्या गोदामांमागे मोकळी जागा होती. कोकणातली, घाटावरची पोरं तिथे जमत, पाणी मारून वाळू बसवत, चुन्याने रेषा आखत. पंचाकडे शिट्टी होती, पण त्या धुरळ्यात त्यालाही सगळं दिसायचं नाही. त्यावर एक रीत पडली होती. रामभाऊंना नुसतं नख चाटून गेलं तरी ते आपण होऊन हात वर करायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. कोणी पाहिलं की नाही, याची वाट बघायची नाही. गिरणीतल्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी कानाखाली वाजवून शिकवलं होतं ते. म्हणून शंका आली की पंच सरळ विचारायचा, "रामभाऊ, लागलं?" ते म्हणतील ते खरं. समोरचा संघही चकार शब्द काढायचा नाही. आणि खोटं कशाला बोला, या गोष्टीचा रामभाऊंना फार अभिमान होता. बाकी त्यांच्याकडे होतं काय? एक वाकड्या बोटांचा हात, आणि तो वर केला की लोक विश्वास ठेवत.

ब्याऐंशीच्या थंडीत गुडघ्याने मान टाकली. बसलं की उठवेना, उठलं की वाकवेना. तारा म्हणाली, "पुरे झालं आता. चाळिशी उलटली. बाहेर उभं राहून टाळ्या वाजवा." फेब्रुवारीत तिथल्या मराठी मंडळाच्या कपाचे सामने होते. रामभाऊंनी मनाशी घोकलं होतं, हा एक कप, मग खलास. पण त्या एका कपाशिवाय थांबायचं म्हटलं की त्यांचा जीव कासावीस होई. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर लंगडत येरझाऱ्या घालत आणि तारा आली की पाणी प्यायला उठल्याचं सोंग करत.

गॅरेजवर एक अमेरिकन मॅनेजर होता. नाव चांगलं लांबलचक, पण मान अशी की पोरांनी त्याला 'रेडासाहेब' केलेलं, अर्थात पाठीमागे. तोही पाय ओढत चालायचा. एकदा ट्रकखालून रामभाऊंना उठता येईना तेव्हा त्याने हात देऊन उठवलं, स्वतःची पँट गुडघ्यावर ओढली आणि दाखवलं. दोन्ही बाजूंनी शिवणी, उसवलेल्या उशीला घाईघाईने टाके घातलेत अशा.

मग त्याच्या मोडक्या हिंदीतून आणि रामभाऊंच्या मोडक्या इंग्रजीतून कहाणी बाहेर आली. साहेब तिकडचा फुटबॉल खेळायचा, पोटापाण्यासाठी, नऊ वर्षं. त्याची जागा लाइनबॅकर. पुढे डोंगराएवढी माणसं एकमेकांना भिडतात, त्यांच्यामागे हा उभा. चेंडू ज्याच्या हातात त्याच्यावर डोळा ठेवायचा, फट दिसली की जाऊन त्याला आडवा करायचा.

"अरे, हा तर आमचा कोपराच की!" रामभाऊ एवढे खूश झाले की हातातला पाना पडला.

"शेवटची तीन वर्षं," साहेब सांगत होता, "दर सामन्याआधी डॉक्टर गुडघ्यात बधिर करणारी सुई द्यायचा. दुखणं गायब. पण पायही गायब. तो माझा पायच नव्हता, रामबाव. आज मला एक जिना चढता येत नाही."

साहेबाने सांगितलं ते सावध करायला. रामभाऊंनी मात्र त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. घ्या! माणसाला जे हवं तेच कानात शिरतं.

ताराला विचारायची छाती नव्हती. त्यांनी गाठलं डॉक्टर विश्वासना. डॉक्टर पुण्याचे, मंडळाचे अध्यक्ष, आणि रामभाऊंच्या राई संघाने गेल्या वर्षी जिंकलेला कप त्यांच्याच दिवाणखान्यात. "एकदाच हं, रामभाऊ," डॉक्टर म्हणाले. "आणि ताराबाईंना कळू देऊ नका. त्या माझी सालटी काढतील."

अंतिम सामना सुलैबियाच्या संघाशी होता. त्यांचा चढाईवाला अशरफ दाभोळचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. अंगाने काडी, पण पाय म्हणजे वीज. सात-आठ वर्षं तो आणि रामभाऊ एकमेकांसमोर खेळले होते. सोमवारी तो कायमचा घरी चालला होता. "रामभाऊ, आज तुमाला बाद करूनच जानार," तो सामन्याआधी हसत म्हणाला. रामभाऊंनी वाळूला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "ये तर खरा, घोटा इथेच ठेवून पाठवतो तुला."

गुडघा दुखत नव्हता. काय सांगू तुम्हाला, रामभाऊ विशीतल्यासारखे खेळले! तीनदा अशरफचा घोटा धरून त्याला वाळू चारली. शेवटच्या मिनिटाला दोन्हीकडे चोवीस-चोवीस गुण झाले. बरोबरी झाली तर कप गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहायचा, असा मंडळाचा नियम. म्हणजे अशरफला या शेवटच्या चढाईत एक गडी मारायलाच हवा होता.

तो आला, डावीकडे हूल दिली, गर्रकन फिरला आणि जाताजाता मागच्या मागे पाय फेकला. धुरळा उडाला. अशरफ मध्यरेषेपार जाऊन ओरडला, "लागलंय! कोपरा बाद!"

पंचाने कपाळावर हात धरून पाहिलं. त्याला काही दिसलं नव्हतं. "रामभाऊ, लागलं?"

रामभाऊंनी आठवून पाहिलं. काही म्हणजे काही लागलं नव्हतं. "नाही," ते छाती काढून म्हणाले.

शिट्टी वाजली. राईच्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. पलीकडे सुलैबियावाले अशरफला फाडून खात होते. "जाताजाता खोटं बोललास? तेही रामभाऊंसमोर? लाज वाटत नाही?" अशरफ खाली मान घालून आपल्या पायाकडे बघत होता. "रामभाऊ बोल्ले म्हंजे नसंल लागलं," तो पुटपुटला. "माजाच काय तरी भास." खांद्यावरून रामभाऊंनी ते पाहिलं आणि त्यांना त्याची दयाही आली. कर्म त्यांचं!

घरी आल्यावर ताराने पँट वर करायला लावली. तिला गुडघ्याची सूज बघायची होती. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला बोटभर लांब ओरखडा होता, रक्त वाळून काळं पडलेलं आणि त्यात वाळू.

"हे कधी झालं?"

"काय?"

तिने आयोडीनचा बोळा त्यावर दाबला. रामभाऊ शांतपणे बघत राहिले. ताराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, परत दाबला, जोरात. मग तिने बोळा खाली ठेवला. अठरा वर्षं इस्पितळात काढलेली बाई ती.

"कोणी दिली सुई?"

रामभाऊ पँट खाली ओढू लागले.

"अहो, विचारतेय मी! ओरखडा नखाचा आहे. पायाच्या नखाचा. हे तुम्हाला कळलं नाही?"

तेव्हा रामभाऊंना कळलं. अशरफचा मागे फेकलेला पाय, धुरळा, आणि आपण छाती काढून म्हटलेलं 'नाही'. "तारा," ते म्हणाले, "मला लागलं होतं गं."

"भूल दिलेला पेशंट 'काही होत नाही' म्हणतो, तेव्हा आम्ही त्याचं ऐकत नाही," तारा म्हणाली. "तुमचं मात्र सगळं गाव ऐकतं."

त्या दिवसापासून रामभाऊंना घर खायला उठलं. भूल उतरली, गुडघा भोपळ्याएवढा सुजला, तरी ते दारापर्यंत जात आणि परत येत. डॉक्टर विश्वासना फोन केला तर ते म्हणाले, "जाऊ द्या हो, कोणाला कळणार आहे?" रामभाऊंनाही तेच वाटून गेलं होतं, शनिवारभर वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती. सोमवारी अशरफ जाणार. गावी जाऊन म्हातारा होणार, आणि आपण शेवटच्या सामन्यात खोटं बोललो असं स्वतःच धरून बसणार.

रविवारी गॅरेजात रेडासाहेबाने त्यांचा पाय पाहिला आणि सगळं काढून घेतलं. ऐकून त्याने डोक्याला हात लावला. मग खेकसला, "मी तुला ते कशासाठी सांगितलं होतं, गाढवा?" आणि पिकअपची किल्ली उचलली. "बस. कुठे राहतो तो?"

सुलैबियाच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. अशरफची खोली तिसऱ्या मजल्यावर. साहेबाने जिन्याकडे पाहिलं, स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि गाडीतच बसून राहिला. रामभाऊ कठडा धरून चढले. प्रत्येक पायरी गुडघ्यात सुरीसारखी जात होती, आणि या वेळी सगळं नीट कळत होतं. दर वळणावर ते थांबत, आई गं म्हणत, पुढे जात.

दार उघडंच होतं. खोलीभर बांधलेल्या पेट्या, मध्ये वर्तमानपत्रावर भात आणि माशाचं कालवण, भोवती सुलैबियाचा अख्खा संघ अशरफला शेवटचं जेवण घालत बसलेला. रामभाऊंना पाहून सगळ्यांचे घास हातात राहिले.

रामभाऊंनी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मग त्यांनी उंबऱ्यात उभं राहून हात वर केला. वाकड्या बोटांचा तो हात सरळ वर, मैदानावर करत तसाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्यांनी तो खाली घेतला नाही.

अशरफने त्या हाताकडे पाहिलं, मग पँटवरून दिसणाऱ्या सुजेकडे. मग आपल्या संघातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघत गेला, चांगला सावकाश. कोणी त्याच्या नजरेला नजर देईना. शेवटी त्याने शेजारची पेटी बाजूला सारली आणि आपल्याजवळ जागा केली.

"मग उबे काय रायलाव, रामभाऊ?" तो म्हणाला. "बाद झालेला गडी भाईर बसतो. बसा. जेवा."

रामभाऊ बसले. अशरफने त्यांच्यापुढे ताट सारलं. ते खाली बघून जेवत राहिले, आणि त्यांचा पाय हलत नव्हता.