वरचं कापलं तर

माझी बायको कुणाच्याही घरी गेली की चहा यायच्या आत त्यांच्या टीव्हीचा रिमोट हातात घेते. जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं तिला बघवत नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली त्याच आठवड्यात तिने बातम्या सांगणारी बाई सडपातळ करून टाकली. बाबा दोन दिवस हळहळत होते, बिचारीला काय दुखणं झालं म्हणून.

एका चॅनेलमध्ये कार्यक्रम दाखवायला जाण्याआधी त्यातली चित्रं एका मापात बसवणं हे तिचं काम. जुन्या टेपवरचं चित्र जवळजवळ चौकोनी, आताचा पडदा लांबट. मग वाटा तीनच. बाजूला काळ्या पट्ट्या सोडा, माणसं ताणून जाडी करा, नाहीतर चित्र मोठं करून वरचं-खालचं कापा. चॅनेलला पट्ट्या खपत नाहीत, तपासणीवाले कार्यक्रम परत पाठवतात. ही मात्र पट्ट्यांसाठी भांडते. कॅमेरावाल्याने घेतलं तेवढं सगळं दिसलं पाहिजे, हे तिचं पालुपद. म्हणून ऑफिसात तिला 'चौकट' म्हणतात. मीही म्हणतो, पण तिचं पोट भरलेलं असेल तेव्हाच.

त्या आठवड्यात तिच्या पायाला भिंगरी लागली होती. आमच्या भागातल्या जुन्या फुटबॉल संघावर कार्यक्रम होता, आणि बाबा त्या संघाचे गोलकीपर. शेवटच्या मिनिटाला उडी मारून त्यांनी बोटांच्या टोकांनी बॉल गोलपोस्टवरून बाहेर ढकलला आणि संघ जिंकला, ही गोष्ट मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. खरं सांगतो, मला तिचा वीट आला होता. पण चाळीस वर्षं गल्लीत बाबांना जो मान आहे, तो त्या एका उडीचा. त्या सामन्याची टेप कुणाच्या तरी कपाटात सापडली होती. हे कळल्यापासून बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं. मला वाटलं, आनंदामुळे.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. शुक्रवारी सकाळी तिने ती उडी पाहिली. मग एकेक चित्र थांबवत पुन्हा पाहिली. बॉल बाबांच्या बोटांच्या वीतभर वरून आपसूक बाहेर गेला होता. सुंठीवाचून खोकला गेला होता आणि वैद्य म्हणून मिरवत होते बाबा. पट्ट्या सोडल्या तर हे साऱ्या जगाला दिसणार. वरचं कापलं तर बॉल चित्रात येतच नाही, दिसते नुसती उडी. ती सतरा वेळा खुर्चीवरून उठली. पाण्याची बाटली भरून आणली आणि न पिताच ठेवली. कार्यक्रम चारला द्यायचा होता. पावणेचारला तिने वरचं कापलं. तपासणीवाल्यांनी पहिल्या फटक्यात पास केलं, वर चौकटीला अक्कल आली म्हणून चिडवलंही. तिला रडू आवरेना.

संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. उडी आली, गेली. निवेदकाने बाबांचं तोंड भरून कौतुक केलं. शेजारच्या घरातून टाळ्या ऐकू आल्या. बाबांनी आवाज बंद केला.

"वरचं कापलंस?" त्यांनी तिला विचारलं.

ती हो म्हणाली. माझ्याकडे बघायचं टाळलं.

"बॉल मला लागला नव्हता गं. पोरांनी खांद्यावर उचललं, तेव्हा सांगायचं राहिलं. मग राहिलंच." बाबा आपल्या बोटांकडे बघत होते. "टेप तुझ्या हातात गेलीय म्हटल्यावर वाटलं, ही काही कापायची नाही. खरं सगळ्यांना दिसेल आणि सुटेन मी एकदाचा."

बेल वाजली. दाराबाहेर शेजाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. बाबा उठले, सदरा सारखा केला आणि नेहमीसारखे हसत दार उघडायला गेले.